मनात पाल चुकचुकते तेव्हा मेंदू काय करत असतो?

खान्देशात मयताच्या घरी दारावर गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "माले आधीच वाटनं व्हतं." कोणाला आदल्या रात्री स्वप्न पडलेलं असतं, कोणाचा डोळा सकाळपासून लवत असतो, कोणी धुळे येईपर्यंत दोनदा 'गाडी परत फिरवू' म्हणालेलं असतं. ही माणसं खोटं बोलत नसतात. (डोळ्याचं मात्र आधीच मिटवून टाकू. लवतो तो पापणीतला बारीक स्नायू. जागरण, ताण आणि चहाचे वाढलेले कप ही त्याची नेहमीची कारणं. उजवा-डावा त्याला कळत नाही.)

प्रश्नाचे दोन तुकडे केले तर गुंता बराच सुटतो. हाती आलेल्या खुणांवरून पुढचं ताडणं हा एक भाग. कुठलीच खूण नसताना, अजून न घडलेल्या गोष्टीची माहिती भविष्यातून मागे येणं हा दुसरा. पहिलं काम प्रत्येक मेंदू दिवसभर करतो आणि ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतं. दुसरं आजवर एकाही काटेकोर चाचणीत टिकलेलं नाही. घोळ होतो तो यामुळे, की आतून दोन्ही अगदी सारखीच वाटतात.

आपण बघतो ते जरा शिळंच असतं

डोळ्यात शिरलेल्या उजेडाचे विद्युत संदेश होऊन ते डोक्याच्या मागच्या भागापर्यंत जातात, तिथे त्यांचा अर्थ लागतो, आणि मग आपल्याला 'दिसतं'. यात साधारण ०.१ सेकंद जातो. ऐकायला फार वाटत नाही, पण ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढ्या वेळात जवळजवळ ४ मीटर पुढे आलेला असतो. गोलंदाजाच्या हातापासून बॅटपर्यंतचं अंतर १८ मीटरच्या आसपास, म्हणजे सगळा खेळ अर्ध्या सेकंदात आटोपतो. त्यातले ०.२ सेकंद बघून हालचाल सुरू करण्यातच संपतात. चेंडू नीट दिसल्यावर बॅट फिरवू म्हणणारा रोज त्रिफळाचीत होईल.

मग फलंदाज खेळतो कसा? लँड आणि मॅकलॉड या दोन संशोधकांनी २००० साली बोलिंग मशीनसमोर उभ्या असलेल्या फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपल्या. चेंडू सुटल्यावर नजर क्षणभर त्याच्यावर राहते, मग चेंडूला सोडून थेट खेळपट्टीवर उडी मारते आणि टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबते. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर पडते, कच्च्याची उशिरा. चेंडू तिथे अजून पोचलेला नसतो, तरी डोळा त्याची वाट बघत बसलेला असतो. घटनेच्या आधी मेंदूला कळणं म्हणतात ते हेच, आणि यात जादू कुठे नाही: आधी खेळलेले हजारो चेंडू आणि हात सुटतानाचा कोन एवढ्यावर ते चालतं.

चोपडा-यावल रस्त्यावर संध्याकाळी मोटरसायकल चालवणाऱ्याला हाच हिशोब रोज करावा लागतो. केळीच्या बागेतून पारडू रस्त्यावर आलं. जाणता माणूस ते पाहताच ब्रेकवर बोट ठेवतो, कारण मागून म्हैस येणार. वेग ताशी ६० असेल तर गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. अडथळा येणार हे गृहीत धरलेल्या चालकाचा ब्रेक साधारण ०.७ सेकंदात लागतो, पूर्ण बेसावध माणसाला १.५ सेकंद लागतात. पहिल्याची गाडी ब्रेक लागेपर्यंत १२ मीटर जाते, दुसऱ्याची २५. मधले १३ मीटर हीच त्या अंदाजाची किंमत. घरी येऊन तो सांगतो, "काय माहीत, पण मला वाटलंच म्हैस येणार." पारडू दिसलं होतं हे तो सांगत नाही, कारण बहुतेक वेळा ते त्याच्याही लक्षात राहिलेलं नसतं.

स्वतःच्या शरीराबाबत तर मेंदू याहून चोख असतो. हाताला हुकूम सोडतानाच त्याची एक प्रत लहान मेंदूकडे जाते आणि कोणता स्पर्श कधी होणार याचं गणित आधीच मांडलं जातं. म्हणून स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी मधे एक यंत्र ठेवून हा स्पर्श ०.१, ०.२, ०.३ सेकंद उशिरा होईल अशी सोय केली. जसजसा उशीर वाढला तसतशा आपल्याच हाताने गुदगुल्या जास्त होऊ लागल्या.

चुकचुकणारी पाल कुठे बसते

सगळ्यात बोलकं काम वोल्फ्राम शुल्ट्झ यांचं. माकडाच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशींचे ठोके त्यांनी मोजले. आधी दिवा लागतो, ठरावीक वेळाने फळाचा रस मिळतो. सुरुवातीला पेशी रस मिळाल्यावर उसळायच्या. माकडाला मेळ कळल्यावर त्या दिवा लागताच उसळू लागल्या, आणि रस आला तेव्हा ढिम्म. खरी गंमत पुढे आहे. दिवा लावला, पण रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी रस यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींचे ठोके घटले. काहीच घडलं नव्हतं आणि तरी मेंदूने नोंद घेतली: जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी हे १९९७ साली एकत्र मांडलं. अंदाज आणि वस्तुस्थिती यांतली तफावत हेच मेंदूचं शिकण्याचं मुख्य साधन आहे, ही कल्पना तिथून पक्की झाली.

कानाचंही तसंच. एकसारखे टूं-टूं आवाज चालू असताना मधेच एक वेगळा आला, तर ०.१ ते ०.२५ सेकंदाच्या आत मेंदूच्या लहरींत एक खळगा पडतो. ऐकणारा पुस्तकात गुंग असला तरी. फिनलंडच्या रिस्तो नाटानेन यांनी १९७८ साली हे दाखवलं. आता विहिरीवरच्या मोटारीजवळ बसून मोबाइल बघणाऱ्या शेतकऱ्याचा विचार करा. पाणी खाली गेलं, मोटार हवा ओढू लागली, आवाज किंचित बदलला. त्याने आवाज 'ऐकला' असं त्याला वाटत नाही. नुसतं अस्वस्थ वाटतं, तो उठतो आणि मोटार जळण्याआधी बंद करतो. पाल चुकचुकली ती अशी. चुकचुकण्याचं कारण मेंदूकडे होतं, मालकाला ते सांगितलं गेलं नाही, एवढंच.

पावसाची चाहूल हाही याच जातीचा प्रकार. मृगाच्या तोंडावर 'येतोय' असं वाटतं तेव्हा पाऊस कोसभर लांब असतो, पण त्याने भिजवलेल्या मातीचा वास वाऱ्याबरोबर आधी पोचतो. तो वास ज्या जिओस्मिन या रसायनाचा, ते पाण्याच्या एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असलं तरी माणसाच्या नाकाला जाणवतं. भूकंपाआधी कुत्री भुंकतात त्यातही गूढ कमी आहे: जमिनीतली पहिली, हलकी लाट सेकंदाला सुमारे ६ किलोमीटरने धावते आणि हादरे देणारी दुसरी सुमारे ३.५ किलोमीटरने. केंद्र १०० किलोमीटरवर असेल तर दोघींमध्ये बारा सेकंदांचं अंतर पडतं. भूकंप तोवर होऊन गेलेला असतो. फक्त आपल्यापर्यंत पोचायचा असतो.

कोणाच्या 'वाटण्या'वर विश्वास ठेवावा

१९९७ सालचा एक प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. अमेरिकेत आयोवामध्ये बेकारा, दमासिओ आणि सहकाऱ्यांनी लोकांपुढे पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवले. दोन गठ्ठ्यांत घसघशीत नफा, पण त्याहून मोठा तोटा. दोन गठ्ठ्यांत नफा थोडा, तोटा त्याहून कमी. तळहाताच्या घामाचं मोजमाप चालू होतं. दहाएक पत्ते झाल्यावर वाईट गठ्ठ्याकडे हात जाण्याआधी घाम वाढू लागला. "हा गठ्ठा बरा नाही वाटत" असं लोक बोलले ते पन्नासाव्या पत्त्याच्या आसपास, आणि कारण सांगता आलं ते ऐंशीच्या आसपास. यावरून 'शरीराला मेंदूच्या आधी कळतं' असे मथळे निघाले. मैया आणि मॅक्लेलँड यांनी २००४ साली तोच खेळ मांडून मधेमधे नेमके प्रश्न विचारले, तेव्हा लोकांना बरंच आधीपासून कळत होतं असं दिसलं; आधीच्या प्रयोगात त्यांना इतकं खोलात विचारलंच नव्हतं. तेव्हा गोष्ट तितकी गूढ राहिली नाही. पण अनुभव आधी अस्पष्ट कल म्हणून जाणवतो आणि शब्द मागून येतात, हे सूत्र ढोबळपणे खरं आहे.

डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे एरवी विरुद्ध टोकांचे अभ्यासक. एकाला माणसाच्या अंदाजाचं वावडं, दुसऱ्याने अग्निशामक दलाच्या जवानांचे अचूक अंदाज अभ्यासलेले. २००९ साली दोघांनी मिळून लिहिलं आणि दोन अटींवर एकमत केलं. ज्या क्षेत्रात खुणा आणि परिणाम यांचा मेळ स्थिर असतो, आणि जिथे आपला अंदाज बरोबर की चूक हे लवकर आणि वारंवार कळतं, तिथेच मुरलेल्या माणसाच्या 'वाटण्या'ला वजन द्यावं.

रावेरच्या केळीवाल्याला या अटी लावून बघा. घड कधी कापायचा हे त्याला वाटतं, तेव्हा केळीच्या कडा किती गोल झाल्या, रंग किती उतरला, फुलोरा येऊन किती दिवस झाले हे सगळं त्यामागे असतं, आणि माल ट्रकमधून उतरेपर्यंत निकाल हातात येतो. वर्षात शेकडो वेळा. हा अंदाज शंभर नंबरी. तोच माणूस "पुढच्या महिन्यात भाव चढतील असं वाटतंय" म्हणतो तेव्हा आवाजातला ठामपणा तोच असतो, पण बऱ्हाणपूरचा लिलाव, उत्तरेतली मागणी, वादळ, सणवार यांतलं काहीच त्याच्या बागेत दिसत नाही आणि निकाल वर्षात मोजक्याच वेळा लागतो. जळगावच्या सोन्याच्या भावाबद्दल आणि कपाशीच्या बाजाराबद्दल छातीठोक बोलणाऱ्यांनाही हेच लागू. त्यांना काही कळत नाही असं नाही. जे कळतं ते 'वाटण्या'तून तपासलं जात नाही.

पडद्यामागचं चित्र: बेम यांचा प्रयोग

आता दुसरा तुकडा. २०११ साली कॉर्नेल विद्यापीठाचे डॅरिल बेम यांनी मानसशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात नऊ प्रयोग छापले. सहभागी हजाराहून जास्त. भविष्य जाणवतं असा पुरावा मिळाल्याचा दावा होता आणि माणूस प्रतिष्ठित होता, म्हणून खळबळ उडाली.

पहिला प्रयोग असा. संगणकाच्या पडद्यावर दोन बंद पडद्यांची चित्रं. एकामागे छायाचित्र, दुसऱ्यामागे कोरी भिंत. कोणत्या पडद्यामागे चित्र आहे ते सांगायचं. मेख ही, की चित्र कुठे ठेवायचं हे संगणक तुम्ही उत्तर दिल्यानंतर ठरवतो. म्हणजे उत्तराच्या क्षणी जगात कुठेही ती माहिती नसते. निव्वळ नशिबाने ५० टक्के उत्तरं बरोबर यावीत. शंभर जणांवर केलेल्या या प्रयोगात कामुक चित्रांच्या बाबतीत ५३.१ टक्के बरोबर आली. इतर चित्रांच्या बाबतीत ४९.८, म्हणजे काहीच नाही.

तीन टक्क्यांचा फरक खरा आहे की योगायोग, हे ठरवायला किती वेळा विचारावं लागतं? नाणं १०० वेळा उडवलं तर ४० ते ६० मधलं काहीही येऊ शकतं आणि त्यात नवल नसतं. ५० आणि ५३ मधला फरक पाचात चार वेळा पकडायचा असेल तर सुमारे २,२०० प्रयत्न हवेत. बेम यांच्याकडे कामुक चित्रांचे प्रयत्न त्याहून कमी होते. शिवाय कामुक चित्रांवर परिणाम दिसावा, बाकीच्यांवर दिसू नये, असं का? चित्रांचे चार-पाच गट केले आणि एकावर योगायोगाने आकडा चढला, तर तोच 'शोध' म्हणून पुढे येतो.

इथे चूक बेम यांची एकट्याची नव्हती; त्या काळी सगळं मानसशास्त्र याच पद्धतीने चालायचं. मधेमधे आकडे बघायचे, फरक दिसला की थांबायचं, नाही दिसला की आणखी वीस जण बोलवायचे. पाच मोजमापांपैकी जे जुळलं ते छापायचं. न जुळलेला प्रयोग कपाटात. लॉटरीची न लागलेली तिकिटं कोणी फ्रेम करून भिंतीवर लावत नाही. त्याच २०११ साली सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन यांनी अशाच 'चालतं की' वाटणाऱ्या सवलती मुद्दाम घेऊन दाखवून दिलं, की एक ठरावीक गाणं ऐकल्याने माणसाचं वय दीड वर्षाने कमी होतं! आकडेवारीच्या नियमांत ते बसतही होतं.

पुढे पडताळे सुरू झाले. २०१२ मध्ये रिची, वाइजमन आणि फ्रेंच यांच्या तीन प्रयत्नांत काही सापडलं नाही. त्याच वर्षी गॅलाक आणि सहकाऱ्यांनी ३,२८९ जणांवर सात प्रयोग केले, निकाल शून्य. पण सगळ्यात नीटनेटकं काम २०२३ साली छापून आलं. भविष्यज्ञान मानणारे आणि न मानणारे संशोधक एकत्र बसले आणि प्रयोग कसा करायचा, कुठला आकडा आला तर कोण हरलं हे आधीच लिहून ठेवलं. नऊ देशांतल्या दहा प्रयोगशाळा, २,११५ माणसं, ३७,८३६ प्रयत्न. बरोबर उत्तरं: ४९.८९ टक्के.

आमच्या मते बेम यांच्या पहिल्या प्रयोगाचा निकाल या आकड्याने लागला. बेम यांच्यामुळे एक भलं मात्र झालं: आपल्या पद्धती इतक्या ढिल्या आहेत हे मानसशास्त्रज्ञांना त्यांच्या निमित्ताने दिसलं. २०१५ साली शंभर जुने प्रयोग पुन्हा करून बघितले गेले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत तसाच ठळक निकाल आला.

आधीच येणारा घाम

दुसरा दावा शरीराबद्दलचा. भीतीदायक चित्र पडद्यावर येण्याच्या काही सेकंद आधी तळहाताला घाम वाढतो, शांत चित्राआधी वाढत नाही, असं डीन रॅडिन यांच्यासारखे संशोधक १९९०च्या दशकापासून मांडत आले. २०१२ साली मॉसब्रिज आणि सहकाऱ्यांनी असे २६ अभ्यास एकत्र करून परिणाम छोटा पण खरा असल्याचं म्हटलं. बेम यांच्यापेक्षा हे खोडायला अवघड आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

मोजमाप साधं दिसतं: दोन बोटांना इलेक्ट्रोड, अगदी हलका विद्युतदाब, त्वचेतून किती प्रवाह जातो ते नोंदवायचं. चुकतं ते तीन ठिकाणी. घामाची प्रतिक्रिया चित्रानंतर १ ते ३ सेकंदांनी सुरू होते आणि उतरायला त्याहून बराच वेळ घेते. दोन चित्रांत पुरेसं अंतर नसेल तर मागच्या चित्राचा उतार पुढच्या चित्राच्या 'आधी' मोजला जातो. दुसरं, नोंदीतला खरखराट काढायला संगणकीय फिल्टर वापरतात. तो पुढून आणि मागून असा दोन्ही बाजूंनी चालवला, तर नंतरचा चढ आधीच्या वेळेत पसरतो. आलेख पाहणाऱ्याला शपथेवर वाटावं की घाम आधीच वाढला. तिसरं सगळ्यात फसवं. चार शांत चित्रं लागोपाठ आली की माणसाला वाटतं, आता भीतीदायक येणार. धाकधूक वाढत जाते. ती भीतीदायक चित्र आलं की उतरते, म्हणजे भीतीदायक चित्राआधी ती नेहमी चढलेलीच सापडते. भविष्य न जाणताही सरासरीत फरक दिसतो.

असा प्रयोग मे महिन्यात जळगावात करायचा तर खोली २२ ते २४ अंशांवर ठेवून माणसाला पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसवावं लागेल. बाहेर ४५ अंश असताना आलेल्या माणसाच्या तळहातावरून भविष्य तर सोडाच, वर्तमानही कळत नाही.

लिबेट यांचा १९८३ सालचा प्रयोग याच्याशी उगाच जोडला जातो. बोट हलवण्याच्या सुमारे ०.५५ सेकंद आधी मेंदूत लहर सुरू होते आणि 'हलवावं' असं वाटल्याची जाणीव ०.२ सेकंद आधी होते. वाद घालण्याजोगी गोष्ट आहे, पण ती स्वतःच्या हालचालीच्या तयारीची. बाहेरच्या घटनेची नव्हे.

स्वप्न खरं होतं तेव्हा

जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून २०११च्या जनगणनेत सुमारे ७९ लाख लोक होते. हिशोबासाठी ८० लाख धरू. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मरणाचं स्वप्न माणसाला दहा वर्षांतून एकदाच पडतं असं समजा, म्हणजे ३,६५० रात्रींतून एकदा. तर कुठल्याही एका रात्री खान्देशात सुमारे २,२०० जणांना असं स्वप्न पडेल. ज्याच्याबद्दल पडलं त्या वृद्धाची वर्षभरात जाण्याची शक्यता विसात एक धरली, तर नेमकं दुसऱ्याच दिवशी जाण्याची शक्यता ७,३०० मध्ये एक. २,२०० भागिले ७,३०० म्हणजे ०.३. दर तीन-चार दिवसांनी खान्देशात कोणा ना कोणाचं असं स्वप्न 'खरं' होणार. वर्षाला शंभराच्या वर. तेही सगळं फक्त योगायोगाने. उरलेली दोन हजारांहून जास्त स्वप्नं चहाबरोबर विसरली जातात. आणि आई दवाखान्यात असलेल्या मुलाला असं स्वप्न जास्त पडतं, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच असेल.

त्यात आठवण स्वतःला दुरुस्त करून घेते. १९७२ साली निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाण्याआधी फिशहॉफ आणि बेथ यांनी विद्यार्थ्यांना काय-काय घडेल याचे टक्के लिहायला लावले. दौऱ्यानंतर 'तुम्ही काय लिहिलं होतं' असं विचारलं. जे घडलं होतं त्याला आपण जास्त टक्के दिले होते असंच बहुतेकांना आठवलं. कागद समोर नसता तर कोणी हरकतही घेतली नसती.

'हे आधी घडलंय, आणि पुढे काय होणार तेही मला माहीत आहे' हा भास वेगळा. साधारण तीनातल्या दोघांना तो आयुष्यात कधीतरी होतो. अॅन क्लिअरी यांनी २०१८ साली आभासी दृश्यांत लोकांना फिरवून, पुढचं वळण कुठे ते विचारलं. भास होत असताना लोकांची खात्री वाढली, अचूकपणा अजिबात वाढला नाही. मात्र हा भास वारंवार होत असेल, सोबत पोटातून काही वर चढल्यासारखं वाटत असेल किंवा काही क्षण हरवल्यासारखं होत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. कानशिलामागच्या भागातून सुरू होणाऱ्या फिटची ती सुरुवात असू शकते.

जे वाटणं दवाखान्यात न्यायचं

एका ठिकाणी 'काहीतरी भयंकर होणार' या भावनेला डॉक्टरसुद्धा मान देतात. रक्त चढवायला सुरुवात झाल्यावर रुग्ण एकाएकी "मी वाचत नाही आता" म्हणाला, तर रक्त तिथेच थांबवून गट तपासतात. चुकीचा गट गेल्याची ही नोंदलेली खूण आहे, म्हणूनच पहिली पंधरा मिनिटं परिचारिका जवळ थांबते. सातपुड्यात आग्या मोहळ उठून डंख झाल्यावर किंवा इंजेक्शननंतर तीव्र अॅलर्जी होताना, हृदयविकाराच्या झटक्यात, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्यावर रुग्ण हेच सांगतात. रक्तदाब पडतोय, अॅड्रेनलिन उसळलंय हे शरीराकडून मेंदूपर्यंत पोचलेलं असतं. बाहेरच्यांना अजून काही दिसत नसतं. सोबत गार घाम, छातीत दडपण, दम लागणं, अंगावर पित्त उठणं यांपैकी काही असेल तर देवऋषी नको, १०८ लावा. घाबरण्याच्या साध्या झटक्यातही असंच होतं, पण तो फरक घरी बसून करण्याचा नाही.

स्वतःची चाचणी कशी घ्याल

भाकितं तपासायची रीत महाराष्ट्राला नवी नाही. २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या. हुशार मूल कोणतं आणि मतिमंद कोणतं एवढंच सांगायचं होतं. २७ जणांनी उत्तरं दिली, सरासरी ४६ टक्के बरोबर. किती बरोबर आली तर पास हे आधी ठरलेलं होतं, म्हणून निकालावर वाद घालायला फारशी जागा उरली नाही.

घरी हेच करता येतं. पाल चुकचुकली की त्याच क्षणी स्वतःच्या नंबरवर व्हॉट्सअॅप करा, वेळ आपोआप नोंदली जाते. मजकुरात तीन गोष्टी हव्यात: नेमकं काय घडेल, कोणत्या तारखेपर्यंत, आणि किती टक्के खात्री. 'काहीतरी वाईट होईल' चालणार नाही; आठवड्यात काहीतरी वाईट सगळ्यांच्याच घरी होतं. 'मामांना रविवारपर्यंत दवाखान्यात भरती करावं लागेल, ७० टक्के' हे चालेल. मामा आधीपासून आजारी आहेत का, हेही लिहा. असतील तर ती खूण तुमच्याकडे होतीच. संदेश नंतर बदलायचा किंवा पुसायचा नाही. 'मामा नाही, पण मामांच्या मित्राला भरती केलं' हे चूकच धरायचं. सगळी गडबड इथेच होते. किती नोंदी झाल्यावर थांबायचं हे पहिल्या दिवशीच ठरवा. पन्नासच्या खाली अर्थ नाही.

मग गुण द्या. ही रीत ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० साली सुचवली. घटना घडली तर १, नाही घडली तर ०. त्यातून तुमची खात्री वजा करा आणि उत्तराचा वर्ग करा. ७० टक्के म्हणालात आणि घडलं: ०.३चा वर्ग, ०.०९. नाही घडलं: ०.७चा वर्ग, ०.४९. सगळ्या नोंदींची सरासरी काढा. जितकी कमी तितकं चांगलं. डोळे मिटून प्रत्येक वेळी '५० टक्के' म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात. पण खरा प्रतिस्पर्धी तो नाही. तुम्ही लिहिलेल्या गोष्टी दहात एकदाच घडत असतील, तर प्रत्येक वेळी 'दहा टक्के' म्हणणाऱ्या आळशी माणसाची सरासरी ०.०९ येते. तुमचा आकडा त्याच्या खाली आला, तर कोणत्या नोंदींमुळे आला ते शोधा आणि त्या प्रत्येकीपुढे लिहा, की संदेश पाठवण्याआधीच्या दोन दिवसांत तुम्ही काय पाहिलं, ऐकलं, हुंगलं होतं.